सोनेरी सीडी आणि वानरराजाचा प्रश्न

आत

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे आणि सध्या सुपारीच्या बागेत एका पेरूच्या झाडाला सुतळीने टांगलेली आहे. वारा आला की फिरते, ऊन लागलं की चमकते. माकडांनी मला पाहून पळावं अशी अपेक्षा आहे. माकडं पळत नाहीत.

माझी गोष्ट मला आतून बाहेर सांगावी लागते. आम्हा सीड्यांचं लिखाण मधल्या भोकापाशी सुरू होतं आणि गोल गोल फिरत कडेला येऊन संपतं. माझं आतलं सगळं शाबूत आहे. कडेकडे आले की मी अडखळते. म्हणून आधीच सांगून ठेवते: सुरुवात नीट ऐकू येईल, शेवटाची हमी नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. ज्या डब्यातून मी आले त्यावर एका मोठ्या कंपनीचं नाव होतं, पण तिने मला घडवलं नव्हतं. कुठल्या तरी कारखान्यात कुणी तरी मला घडवलं आणि दुसऱ्याचं नाव लावून पाठवून दिलं. प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर रंगाचा थर, त्यावर धातूचा पातळ पत्रा आणि सगळ्यात वर वार्निशचा एक हात. आवाज त्या रंगाच्या थरात जाळून लिहितात. म्हणजे आमची सगळी आठवण त्या रंगात. रंग चांगला तर आठवण चांगली.

माझा रंग हलक्या प्रतीचा होता. वार्निश मात्र सोनेरी होतं. सोनं नव्हतं, मित्रांनो, सोन्याचा रंग होता. एवढ्याशा फरकावर माझं आणि दुसऱ्या कुणाचं तरी नशीब फिरलं.

थोडं बाहेर

कुमट्याला प्रभाकर शानभागचा स्टुडिओ होता. लग्न, मुंज, गृहप्रवेश, जे असेल त्याची सीडी तो करून देई. त्याच्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी दुसरी एक सीडी बसलेली असायची. तिच्या पाठीवर काहीच छापलेलं नव्हतं आणि पोट फिकं हिरवं. आम्ही सगळ्या सोनेरी बहिणी तिला हसत असू.

एक दिवस दुकानात दोघं आली. एक कल्लगद्दे गावचे विघ्नेश्वर भट्ट, म्हणजे भट्ट मास्तर, तिथल्या कला संघाचे अध्यक्ष. दुसरी नागवेणी. तिचे वडील, सुब्राय हेगडे, नुकतेच वारले होते. सुब्राय हेगड्यांचं नाव त्या सगळ्या पट्ट्यात ताळमद्दळेसाठी होतं. ताळमद्दळेत रंगवलेले चेहरे नसतात, नाच नसतो. साध्या पंच्यावर समोरासमोर बसायचं. भागवत, म्हणजे गायक, पद गाणार, मग ज्याची भूमिका तो बोलणार. बोलणं पाठ केलेलं नसतं. त्या क्षणाला सुचेल ते. एकदा बोललेलं पुन्हा तसंच कुणी बोलत नाही, आणि म्हणूनच मास्तरांच्या हातात त्या दिवशी पिशवीभर कॅसेटी होत्या. सुब्राय हेगड्यांची शेवटची बैठक. त्यानंतर आठवड्यातच माणूस गेला. नागवेणी त्या दिवशी परीक्षेसाठी मैसूरला होती. तिने ती बैठक ऐकलेली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "मैसूरच्या ध्वनिसंग्रहालयात माझी मैत्रीण आहे, सुमंगला. ती म्हणाली, डब्यावरच्या नावाला भुलू नका. माल कुठल्या कारखान्याचा ते विचारा. फिक्या हिरव्या पोटाची मिळाली तर घ्या, तिचा रंग टिकतो. आणि एकच करू नका. दोन करा, वेगवेगळ्या डब्यांतल्या. एक गावात, एक दुसरीकडे."

शानभागच्या तोंडात बटाट्याचा बोंडा होता. तो गिळून म्हणाला, "अक्का, सीडी म्हणजे सीडी. गोल आहे, भोक आहे, वाजते. आणखी काय पाहिजे? लग्नाच्या सगळ्या मी या सोनेरीवर देतो. आजवर एकही परत आली नाही."

"लग्नाची सीडी पुन्हा बघतं कोण?"

"ते पण खरं," शानभाग हसला.

मास्तरांनी त्या फिक्या सीडीला दोन बोटांत उचललं. "अहो मारायरे, हिला तर कावीळ झालीय! सुब्रायण्णाचा आवाज असल्या थाळीत वाढायचा?" मग त्यांनी मला उचललं. मला त्यांच्या चष्म्यात माझं तोंड दिसलं. पिवळंधमक. "ही बघ. सोन्याचं पान. शंभर वर्षं टिकते, डब्यावरच छापलंय."

"डब्यावर काय, मी पण छापेन."

"नागू, शुभ कामात असं बोलू नये."

"बरं, मग निदान दोन प्रती तरी."

"एका गाभाऱ्यात एकाच देवाच्या दोन मूर्ती ठेवतात का? दोन करायच्या म्हणजे पहिलीवर विश्वास नाही."

"नाहीच आहे," नागवेणी म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं सुतकातल्या पोरीकडे पाहतात. कॅसेटी संघाच्या होत्या. बाप तिचा होता, पण आवाज संघाचा होता. ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

मी निवडली गेले. त्या फिक्या सीडीकडे मी मोठ्या दिमाखाने पाहिलं. तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. कुणाच्या तरी कपाटात ती अजून व्यवस्थित बोलत असेल. मी तिच्यावर जळते. खरंच जळते.

मध्यावर

बैठक लांबलचक होती, एका सीडीत मावणारी नव्हती. आधीचे भाग माझ्या सोनेरी बहिणींवर गेले, मी शेवटची. माझ्यावर शेवटचा भाग यायचा होता आणि तो थोडा जास्त होत होता. "आणखी एक कशाला काढायची?" शानभाग म्हणाला. "यातच बसवतो." त्याने मला कडेपर्यंत भरलं, अगदी काठोकाठ, जितक्या घाईने भरता येईल तितक्या घाईने. नंतर तपासून पाहिलं नाही. खोक्यात घातली आणि दिली.

आता माझ्यावर काय आहे ते सांगते. हा भाग अजून वाजतो.

कौलांवर पाऊस वाजतोय. कुणीतरी खोकतंय. भागवताच्या झांजा. मग सुब्राय हेगडे बोलायला लागतात. त्यांच्याकडे वानरराजाची भूमिका आहे. झाडाआडून सुटलेला बाण छातीत घेऊन तो पडला आहे आणि ज्याने बाण मारला तो देव समोर उभा आहे. देवाच्या भूमिकेत स्वतः भट्ट मास्तर. सुब्राय हेगड्यांचा आवाज मोठा नाही. विहिरीत पोहरा सोडावा तसा हळूहळू खाली जातो.

"समोरून आला असतास तर मी नमस्कार केला असता. आता तूच सांग, नमस्कार करू कुणाला? तुला, का त्या झाडाला?"

लोक हसतात.

रीत अशी की वानरराजाने भांड भांड भांडावं, शेवटी देवाचं देवपण ओळखावं आणि हात जोडावेत. भागवत समाप्तीचं मंगल म्हणतो आणि सगळे कषाय, म्हणजे गरम काढा, प्यायला उठतात. पण त्या दिवशी सुब्राय हेगड्यांनी हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न माझ्या कडेवर आहे.

होता.

मास्तर पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले, "असा प्रश्न टाकला म्हणता सुब्रायण्णाने! पण मी असं उत्तर दिलं, असं दिलं, की त्याने तिथेच हात जोडले." त्यांना कुणी विचारलं, काय उत्तर दिलं, तर म्हणत, "सीडीत आहे सगळं. सोन्यात."

देवळाशेजारची गौरक्का त्या दिवशी पहिल्या रांगेत होती. ती म्हणायची, "उत्तर कसलं डोंबलाचं! गालात सुपारी अडकल्यासारखा बसला होता गप्प. भागवताने झांज वाजवून वाचवला."

"मग प्रश्न काय होता, गौरक्का?" नागवेणी विचारायची.

"ते नाही बाई आठवत. पोराबद्दल काहीतरी होतं. ऐकताना माझ्या डोळ्याला पाणी आलं एवढं आठवतं. पाणी कशाचं ते गेलं."

मित्रांनो, नागवेणीला एवढंच हवं होतं. बापाने शेवटी काय विचारलं. बाकीचं सगळं जग तिच्याकडे होतं.

अजून मध्यावरच, पण थोडं खरवडलेलं

मला गावात आणलं त्या दिवशी सोहळा झाला. देवळाच्या मंडपात, शेवटच्या प्रसंगाची म्हणून, मलाच वाजवलं. कौलांवरचा पाऊस ऐकू आला, पहिलं पद झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांनी यंत्र बंद केलं. भाषणं बाकी होती. पुढे मला कुणीच ऐकलं नाही. कुणीच म्हणजे कुणीच नाही. मी अख्ख्या आयुष्यात शेवटपर्यंत वाजले नाही.

मग कॅसेटींचा विषय निघाला. आवाज आता सोन्यात उतरला, मास्तर म्हणाले, मग ह्या रित्या झाल्या. देवाला वाहून झालेली फुलं ती निर्माल्य, तशा ह्या. निर्माल्य काही उकिरड्यावर टाकत नाहीत. त्यांनी त्या कॅसेटी केळीच्या पानात बांधल्या, वर जास्वंद ठेवली आणि अघनाशिनीच्या पाण्यात हात जोडून सोडून दिल्या.

नागवेणीला कळलं तेव्हा ती धावत नदीवर गेली. पानाची दोरी तेवढी काठाच्या दगडाला अडकलेली होती.

"मास्तर, कॅसेटीतून आवाज निघून जात नाही! तो तिथेच असतो!"

"असतो कसा? आता तो सीडीत आहे ना?"

"दोन्हीकडे असतो!"

"एक माणूस दोन घरी जेवतो का गं?" मास्तर प्रेमाने म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. हेच तर माझ्या घशाखाली उतरत नाही. वैर असतं तर मी समजू शकले असते.

बहिणींसोबत मला देवळातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. दुपारचं ऊन त्या काचेतून थेट माझ्यावर यायचं. पावसाळ्यात काचेला आतून ओल यायची. मास्तरांनी माझ्या पाठीवर बॉलपेनने दाबून नाव लिहिलं, त्याच्याशेजारी देवाच्या चित्राचा एक गोल कागद डकवला आणि किल्ली कनवटीला लावली.

नागवेणीने एकदा मला मागितलं. प्रत काढून लगेच आणून देते म्हणाली.

"देवाच्या कपाटातली वस्तू घरी नेत नाहीत," मास्तर म्हणाले. "घासली जाईल."

आणि दर वर्षी आयुधपूजा. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, नांगर, मोटारसायकल, शिवणयंत्र, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. मद्दळेच्या ढोलाला लागतं, झांजांना लागतं. मग मलाही. मास्तर ओल्या बोटाने गंध घेत आणि माझ्या पाठीवर, कडेकडेने, ठिपके देत. मधे चित्र होतं ना, म्हणून कडेला. त्यावर कुंकू, मग झेंडूची पाकळी. दुसऱ्या दिवशी पंच्याच्या टोकाने गोल गोल पुसत. स्वच्छ. चकचकीत. मास्तर मला तोंडाजवळ धरून चकाकी बघत आणि त्यांचं समाधान होई.

सगळ्यांना वाटतं आमची चकाकती बाजू नाजूक. मित्रांनो, ती बाजू जाड प्लॅस्टिकची असते. आमची आठवण पाठीला असते, त्या वार्निशच्या एका हाताखाली. पाठीवर लिहिलं तर आठवणीवर लिहिता. पाठीवर कागद डकवला तर आठवणीला डकवता. पाठीवर ओलं कुंकू लावलं तर ते पाझरत जातं, हळू, वर्षानुवर्षं, अगदी

वर्षानुवर्षं, अगदी

वर्षानुवर्षं, अगदी

माफ करा. इथे मी अडकते. पुढे चला.

कडेजवळ

नागवेणी कुमट्याला शिकवायला लागली. तिथे बायकांनी मिळून ताळमद्दळेचा संच काढला आणि ती बोलायला बसू लागली. तिच्या आवाजालाही तोच उतार होता, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याचा. मग कल्लगद्देत बापाच्या नावाने बैठक ठरली. तोच प्रसंग. वानरराजा नागवेणी. देव भट्ट मास्तर, आता थकलेले, पण आवाज तसाच खणखणीत.

"आधी मला माझ्या अप्पय्याची सीडी ऐकायची आहे," नागवेणी म्हणाली.

"घासली जाईल गं."

"मास्तर, कपाटात बसून ती काय करणार आहे? बाळंत होणार आहे?"

गौरक्का फस्सकन हसली आणि किल्ली कनवटीची सुटली.

मंडपात माणसं जमली. मला यंत्रात घातलं. मी फिरले. कौलांवरचा पाऊस आला, खोकला आला, झांजा आल्या. मग सुब्राय हेगडे बोलले आणि नागवेणीने दोन्ही हात तोंडावर धरले. "तुला, का त्या झाडाला?" लोक हसले, जसे तेव्हा हसले होते. तेव्हा हसलेल्यांपैकी काही आता नव्हते. त्यांचं हसू मात्र माझ्यात होतं. माझ्या आयुष्यातली ती एकच चांगली दुपार.

मी कडेकडे निघाले.

"बरं, हे सगळं राहू दे," सुब्राय हेगडे म्हणाले. "एकच विचारतो. माझं पोर तुझ्या पदरात टाकून जातोय. ते उद्या मोठं होईल. त्याने विचारलं, माझ्या बापाला

माझ्या बापाला

माझ्या बापाला

माझ्या बा

नागवेणीने मला काढलं, पुसलं, परत घातलं. माझ्या बा. दुसरं यंत्र आणलं. माझ्या बा. ती मला घेऊन कुमट्याला शानभागकडे गेली. आता तिथे मोबाइलचं दुकान होतं. "सीडी आता कोण वापरतं अक्का? घ्यायचं तर कव्हर घ्या, छान आलीयेत." ती मैसूरला सुमंगलाकडे गेली. सुमंगलाने माझं आतलं जेवढं निघतं तेवढं काढून घेतलं, दोन ठिकाणी ठेवलं, आणि मग मला खिडकीच्या उजेडासमोर धरलं. माझ्या कडेला चाळणीसारखी भोकं दिसत होती, एकेका ठिपक्याएवढी, ओळीने.

"इथे कुणाची तरी बोटं लागलीयेत," सुमंगला म्हणाली.

"बोटं नव्हेत," नागवेणी म्हणाली. "भक्ती आहे ती."

कड

बैठक झाली. मला हार घालून पाटावर मधोमध ठेवलं होतं, दोघांच्या बरोबर मधे. वाजत नव्हते म्हणून काय झालं, मान द्यायला हवा, मास्तर म्हणाले.

नागवेणी छान बोलली. बापाचं एकही वाक्य तिने उचललं नाही. स्वतःचं बोलली. मग हात जोडायची वेळ आली तेव्हा तिने हात मांडीवरच ठेवले.

"देवा," ती म्हणाली, "मागे एकदा मी असाच पडलो होतो आणि तुला एक प्रश्न विचारला होता. तू म्हणतोस, तू उत्तर दिलंस. मरणारा माणूस विसरतो. मी प्रश्नही विसरलो, उत्तरही विसरलो. प्रश्न राहू दे. तू दिलेलं उत्तर तेवढं मला पुन्हा सांग, म्हणजे मी सुखाने हात जोडतो."



मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मदतीसाठी पाहावं तसं. मी सोनेरी चमकत होते. त्यांनी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं, आणि भूमिकेतला नव्हे, स्वतःचा, म्हाताऱ्याचा आवाज निघाला: "नागू, मला प्रश्नच आठवत नाही गं."

गौरक्का म्हणाली, "आता बोलला खरं."

भागवताने झांज उचलली आणि मंगल सुरू केलं. नागवेणी जिंकली असं लोक म्हणाले. बाहेर कषाय पिताना सगळे तेच म्हणत होते. ती मात्र पाटाजवळ बसून राहिली. मास्तर हरले म्हणून काय, बापाचं वाक्य थोडंच पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने माझा हार काढला, भोकातून सुतळी ओवली आणि मला बागेत आणलं. केळीच्या घडांवर माकडांची धाड पडली होती.

"एवढं तरी कर," ती मला म्हणाली, आणि गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. काल एक मोठा हुप्प्या आला. माझ्यासमोर बसला. मला हाताने थांबवलं, माझ्यात आपलं तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं. ज्याच्या तोंडचा प्रश्न मी गमावला तोच जणू विचारायला आला होता. मी फिरून सांगू पाहिलं. माझ्या बापाला, माझ्या बा. त्याने केळ्याची साल माझ्यावर टाकली आणि तो गेला.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा तरी आवाज कुठे तरी ठेवलेला असेल. सोनेरी आहे म्हणून निवडू नका. एकच ठेवू नका. नवीन आलं म्हणून जुनं नदीत सोडू नका. माझ्यासारखीला कपाटात घालून तिच्यासमोर हात जोडू नका. आमच्या आत कुणी देव नसतो, एक माणूस असतो, आणि तो मधेच बोलायचा थांबलेला असतो. मला ओवाळू नका. मला वाजवा. शेवटपर्यंत वाजवा. शेवटपर्यंत

शेवटपर्यंत

शेव